पॅटी स्मिथच्या मागे एवढे मोठे मोठे रॉकस्टार का लागलेत? थोडी मागची गोष्ट

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पॅटी स्मिथ या अमेरिकन रॉक गायिका आणि कवयित्रीसाठी एक कार्यक्रम झाला. स्टेजवर कोण, तर ब्रूस स्प्रिंगस्टीन, आर.ई.एम. बँडचा गायक मायकल स्टाइप, या या याज्‌ बँडची गायिका कॅरन ओ, आणि मागे बेस वाजवायला रेड हॉट चिली पेपर्सचा फ्ली. म्हणजे ज्यांच्या नुसत्या नावावर स्टेडियम भरतात ती माणसं दुसऱ्याची गाणी म्हणायला आलेली. २०२५ हे तिच्या 'हॉर्सेस' अल्बमचं पन्नासावं वर्ष, आणि गंमत अशी की हा अल्बम १९७५ मध्ये आला तेव्हा अमेरिकेच्या चार्टवर ४७ नंबरच्या वर कधी गेलाच नाही. अख्ख्या करिअरमध्ये टॉप ट्वेंटीत गेलेलं गाणं एकच, आणि त्यातही अर्धा वाटा स्प्रिंगस्टीनचा! मग हे सगळे हिच्यावर एवढे फिदा का? खपाचे आकडे बघून काही कळत नाही, थोडं मागे जावं लागतं.

पॅटी आधी स्वतःच एक नंबरची फॅन होती, माझ्या मते सगळं इथूनच सुरू होतं. जन्म १९४६ चा, शिकागोचा, वाढली न्यू जर्सीत, घरची परिस्थिती बेताची, काही दिवस फॅक्टरीत काम केलं. १९६७ मध्ये खिशात जवळपास काही नसताना न्यूयॉर्कला आली आणि पुस्तकांच्या दुकानात नोकऱ्या करायला लागली. डोक्यात फ्रेंच कवी रॅम्बो, बॉब डिलन आणि रोलिंग स्टोन्स यांची खिचडी. एकदा कात्री घेऊन कीथ रिचर्ड्ससारखे केस स्वतःच कापून टाकले, आणि त्या केसांमुळे लोक आपल्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागले हे तिनंच नंतर सांगितलंय. रॉकच्या मासिकांत रिव्ह्यू लिहायची. १९७० च्या ऑगस्टमध्ये गिटारचा बादशहा जिमी हेंड्रिक्सच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओची ओपनिंग पार्टी होती, तिथे आमंत्रण होतं तर ही बया लाजून आत जाईना, जिन्यातच बसली, आणि खुद्द हेंड्रिक्स बाहेर पडताना तिच्याशी दोन शब्द बोलून गेला. पुढच्याच महिन्यात तो गेला.

लेनी के हा गिटारिस्ट, त्याचीही गोष्ट अशीच. तो रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता आणि जुन्या गाण्यांवर लिहायचा, त्याचा एक लेख वाचून हिनं आपणहून त्याला गाठलं. १० फेब्रुवारी १९७१ ला सेंट मार्क्स चर्चमध्ये तिचं पहिलं मोठं कवितावाचन झालं तेव्हा लेनी बाजूला इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसला होता, चर्चमध्ये कवितेच्या कार्यक्रमात गिटार म्हणजे बऱ्याच लोकांच्या भुवया वर. आपल्याकडे कीर्तनकार बोलता बोलता कधी गायला लागतो ते कळत नाही ना, साधारण तसला प्रकार, बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते ऐकणाऱ्यानंच ठरवायचं. बाकी साम्य काही नाही हां, विषय एकदम वेगळे.

१९७४ मध्ये पहिली सिंगल निघाली तिचे पैसे दिले रॉबर्ट मॅपलथॉर्पनं, तिचा जुना जोडीदार आणि जन्माचा मित्र, जो पुढे स्वतः मोठा फोटोग्राफर झाला. रेकॉर्डिंग कुठे, तर त्याच इलेक्ट्रिक लेडीत. एका बाजूला हेंड्रिक्समुळे गाजलेलं 'हे जो', दुसऱ्या बाजूला फॅक्टरीतल्या त्या दिवसांवर चिडून लिहिलेलं गाणं. मग १९७५ मध्ये सीबीजीबी नावाच्या कळकट बारमध्ये टेलिव्हिजन या बँडबरोबर कित्येक आठवडे शो केले, तिथून क्लाइव्ह डेव्हिसच्या अरिस्टा या रेकॉर्ड कंपनीचं काँट्रॅक्ट, आणि प्रोड्यूसर म्हणून व्हेल्वेट अंडरग्राउंड या बँडमधला जॉन केल.

'हॉर्सेस'चं पहिलंच गाणं 'ग्लोरिया'. मुळात व्हॅन मॉरिसनचं, त्याच्या देम या बँडचं, तीन कॉर्डचं सोपं गाणं, त्यामुळे गल्लीतला प्रत्येक नवशिका बँड ते वाजवायचा. पॅटीनं त्याच्या आधी स्वतःची कविता जोडली, येशू कुणाच्या तरी पापांसाठी मेला पण माझ्या नाही अशा अर्थाची सुरुवात, आणि पुरुषानं बाईबद्दल म्हटलेलं गाणं हिनं 'ती'चा 'तो' न करता तसंच्या तसं म्हटलं. १९७५ मध्ये हे ऐकून लोकांना काय वाटलं असेल विचार करा. मला स्वतःला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आवाज आवडला नव्हता, खरं सांगतो, घोगरा, मधेच थुंकल्यासारखे शब्द. पण तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत दुसरं काही लावावंसं वाटेना.

आणि ते कव्हर. मॅपलथॉर्पनं काढलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो, पुरुषी पांढरा शर्ट, कोट खांद्यावर टाकलेला, मेकअप नाही, खिडकीतून येणारा साधा उजेड. कंपनीला तो जरा 'सुधारून' हवा होता, हिनं हातच लावू दिला नाही. तेव्हा रेकॉर्डच्या कव्हरवर बाई असली की कशी असायची आणि ही कशी उभी आहे, एवढा फरक बघूनच कित्येक जणी भारावून गेल्या. लंडनमध्ये स्लिट्स या पंक बँडची गिटारिस्ट व्हिव्ह अल्बर्टीन त्यातली एक. तीसेक वर्षांनी स्कॉटलंडची गायिका केटी टन्स्टल हाच फोटो बघून 'सडनली आय सी' लिहिते आणि ते जगभर वाजतं, ऐकणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत पण नसतं की हे गाणं एका कव्हरबद्दल आहे.

मायकल स्टाइपचा किस्सा तर सगळ्यात भारी. पोरगा पंधरा वर्षांचा, 'हॉर्सेस' आणला, रात्रभर हेडफोन लावून ऐकत बसला आणि सोबत वाडगाभर चेरी खात राहिला, सकाळी ओकला आणि शाळेत गेला. आपण बँड काढायचा हे त्याचं त्या रात्री ठरलं. या अल्बमनं माझे हातपाय उपटले आणि वेगळ्याच क्रमानं परत लावले, अशा अर्थाचं तो म्हणतो. १९८० मध्ये आर.ई.एम. सुरू झाला.

मँचेस्टरमध्ये १९७८ च्या ऑगस्टमध्ये अपोलो थिएटरला पॅटीचा शो होता, तिथे चौदा वर्षांच्या जॉनी मारची मॉरिसीशी पहिल्यांदा ओळख करून दिली गेली, पुढे १९८२ मध्ये दोघांनी द स्मिथ्स काढला, आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या एका गाण्याची चाल 'हॉर्सेस'मधल्या 'किंबर्ली'वरून घेतलेली आहे. तिच्यासारखं गायचा प्रयत्न यातल्या कुणी फारसा केलाच नाही. हिला जमतं, गाण्याचं शिक्षण नाही, गोड गळा नाही, तर मग मलाही जमेल, एवढंच त्यांनी उचललं.

स्प्रिंगस्टीनचं प्रकरण जरा वेगळं, तो बरोबरीचा. १९७७ मध्ये त्याचं एक गाणं अर्धवट पडलेलं, चाल आणि कोरस होता पण पुढे सरकत नव्हतं. जिमी आयव्हीन त्याचं रेकॉर्डिंग करत होता आणि पॅटीचा अल्बमही प्रोड्यूस करत होता, त्यानं कॅसेट हिला नेऊन दिली. ती कॅसेट बरेच दिवस तशीच पडून होती. मग एका रात्री डेट्रॉइटहून तिच्या प्रियकराचा, फ्रेड स्मिथचा, फोन यायचा होता, तो येता येईना, आणि वाट बघता बघता हिनं कॅसेट लावून बाकीचे शब्द लिहून काढले. हेच ते 'बिकॉज द नाइट', १९७८, अमेरिकेत १३ नंबर. त्याच 'ईस्टर' अल्बममध्ये एका गाण्याच्या नावातच काळ्या लोकांसाठीची शिवी आहे. समाजानं बाहेर टाकलेले सगळे एकच, असा तिचा युक्तिवाद होता, मला तो तेव्हाही चुकीचा वाटतो आणि आजही. कौतुक करताना लोक हे हळूच वगळतात म्हणून लिहिलं.

फ्रेड म्हणजे एमसी फाइव्ह या बँडचा गिटारिस्ट. १९८० मध्ये लग्न केलं आणि पॅटी डेट्रॉइटजवळ जाऊन संसाराला लागली, दोन मुलं, मधे १९८८ चा एक अल्बम सोडला तर स्टेज जवळपास बंद. आता सगळ्यांना वाटतं असं गायब झालं की माणूस विसरला जातो, इथे उलटंच झालं, कारण या पंधरा वर्षांत तिला ऐकून सुरू झालेली पोरं मोठी झाली. यू टूनं तिचं 'डान्सिंग बेअरफूट' गायलं, १९९३ मध्ये टेन थाउझंड मॅनिअॅक्सचं 'बिकॉज द नाइट' एमटीव्हीवर गाजलं.

आणि तिकडे तिच्या घरी एकामागून एक मरणं. १९८९ मध्ये मॅपलथॉर्प, १९९० मध्ये तिच्या बँडचा पियानोवाला रिचर्ड सोल, १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड, आणि महिनाभरात धाकटा भाऊ टॉड. तेव्हा तिला परत उभं राहा म्हणून मागे लागलेले दोघं, एक जुना मित्र, कवी ॲलन गिन्सबर्ग, आणि दुसरा तो चेरीवाला स्टाइप. १९९५ च्या डिसेंबरमध्ये डिलननं तिला आपल्या टूरवर घेतलं, दोघं एकत्र गायले. पुढच्या वर्षी आर.ई.एम.च्या 'ई-बो द लेटर'मध्ये मागून तिचा आवाज येतो, आणि तिच्या स्वतःच्या 'गॉन अगेन' अल्बमवर गायक जेफ बकली आहे, तो वर्षभरात गेलाच. याच अल्बममध्ये निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनवरचं गाणं पण आहे. २००४ मध्ये तिनं गांधीजींवरही नऊ-दहा मिनिटांचं गाणं केलं, हे आपल्याकडे फार लोकांना माहीत नसतं.

पुढचं पटापट. २००६ मध्ये सीबीजीबी बंद झालं तेव्हा शेवटचा शो तिचा, शेवटी तिनं गेलेल्या वादकांची नावं वाचून दाखवली. २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये निवड, तिच्यासाठी भाषण केलं रेज अगेन्स्ट द मशीनच्या झॅक दे ला रोचानं. २०१६ मध्ये डिलनच्या नोबेलला स्टॉकहोममध्ये त्याचं गाणं म्हणताना ती मधेच अडकली, सॉरी, मी फार नर्व्हस आहे म्हणाली आणि परत सुरू केलं. तिला शब्द पाठ होते, अडकली ती टेन्शननं, असं तिनंच नंतर लिहिलंय. २०१८ मध्ये इंग्लिश गायिका फ्लॉरेन्स वेल्चनं 'पॅट्रिशिया' हे अख्खं गाणंच हिच्यावर केलं.

आणि २०२४ मध्ये टेलर स्विफ्टच्या एका गाण्यात, तू काही डिलन थॉमस (वेल्श कवी, बॉब डिलन नव्हे) नाहीस आणि मी काही पॅटी स्मिथ नाही, अशा अर्थाची ओळ आली. जगातली सगळ्यात खपणारी गायिका तुमचं नाव घेते म्हटल्यावर माणूस जरा फुशारकी मारतोच की. पॅटीनं काय केलं, तर डिलन थॉमसचं पुस्तक हातात धरून वाचतानाचा फोटो टाकला, एवढ्या थोर कवीच्या शेजारी माझं नाव आलं म्हणून भरून आलं असं लिहिलं, आणि खाली टेलरला थँक यू.