कॉर्नियातल्या नसांची कॉम्प्युटरनं मोजणी

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या समोरचा काचेसारखा पडदा, त्यातल्या बारीक नसांचे फोटो काढायचे आणि नसा किती, केवढ्या लांब, फांद्या किती हे सॉफ्टवेअरनं आपोआप मोजायचं, अशी ही पद्धत. ज्वारी काढताना डोळ्यात कुसळ गेलं की माणूस तळमळतो त्याचं कारण ह्याच नसा, शरीरात इतक्या दाट नसा दुसरीकडं जवळपास कुठंच नाहीत. त्या चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या फांद्या आहेत. मेंदूकडं चित्र नेणारी ऑप्टिक नस वेगळी, काचबिंदूत ओसीटी (प्रकाशानं डोळ्याच्या आतल्या थरांचा फोटो काढायची तपासणी) करतात ती तिच्यासाठी, ह्या दोन्हीत लोक लई गल्लत करतात.

मोजायचं कशाला, तर शुगरसाठी. शुगर जुनी झाली की नसा झिजतात, पाय बधिर होतात, मग रानात बाभळीचा काटा मोडला तरी कळत नाही आणि जखम चिघळल्यावरच दवाखाना आठवतो. पायातल्या बारीक नसा बघायच्या तर कातडीचा तुकडा काढावा लागतो, कॉर्निया मात्र पारदर्शक, त्यामुळं जिवंत नसा न कापता दिसतात. 2003 साली मँचेस्टरच्या रायाझ मलिक यांच्या टीमनं दाखवलं की शुगरच्या पेशंटमध्ये ह्या नसा कमी होतात.

फोटो काढताना थेंब टाकून डोळा बधिर करतात, जेल लावलेली टोपी कॉर्नियाला टेकवतात आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोप लेझरनं एकेका थराचा फोटो घेतो. नेहमीच्या मशीनचा एक फोटो 384 बाय 384 पिक्सेलचा, त्यात जागा येते फक्त 400 बाय 400 मायक्रॉन म्हणजे 0.16 चौरस मिलिमीटर. काळ्या रानात तिफणीच्या काकऱ्या दिसाव्यात तशा त्यात पांढऱ्या रेघा दिसतात. पूर्वी माणूस बसून एकेक रेघ माउसनं गिरवायचा, ते कंटाळवाणं तर होतंच पण दोघांनी गिरवलं की दोन आकडे यायचे. मँचेस्टरच्याच एसीसीमेट्रिक्ससारख्या सॉफ्टवेअरनं हे काम आपोआप केलं, आधी फिल्टर लावून रेघा उठावदार करायच्या, मग त्या एका पिक्सेलएवढ्या बारीक करून लांबी मोजायची. समजा सगळ्या रेघा मिळून 3.2 मिलिमीटर भरल्या, तर भागिले 0.16, म्हणजे चौरस मिलिमीटरला 20 मिलिमीटर. 2015 ला यू-नेट नावाचं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्राम, आलं, त्यानंतर हाताने गिरवलेले फोटो दाखवून कॉम्प्युटरलाच नस ओळखायला शिकवणं सुरू झालं.

चुका होतातच. डेंड्रिटिक पेशी, म्हणजे रोगप्रतिकाराच्या फांद्यावाल्या पेशी, सॉफ्टवेअर कधी नस म्हणून मोजून टाकतं, डोळा हलला किंवा फोटो जरा वरच्या-खालच्या थराचा आला तर असलेली नसही सुटते. आणि कोणते फोटो मोजायला द्यायचे हे बऱ्याचदा माणूसच निवडतो, त्याने चांगले-चांगले निवडले तर आकडा पण चांगलाच येणार ना!

मराठवाड्यात तालुक्याच्या दवाखान्यात असलं महागडं मशीन कुठून येणार, तिथं अजून 10 ग्रॅमच्या दाबानं वाकणारा नायलॉनचा दोरा तळपायाला टेकवून "कळतंय का?" असंच विचारायचं. तो दोरा जाड नसांचं सांगतो, बारीक नसा मात्र त्याच्या आधीच गेलेल्या असू शकतात.