बंद कुठे बसतो ते आधी बघा, साइज नंतर

नमस्कार ताई,

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, "मला एक्सएल लागतं, तुमचं रॅप कार्डिगन होईल ना?" होईल. पण आम्हाला एक्सएल सांगून फारसं काही कळत नाही, कारण याला बटणं नसतात, पुढचे दोन भाग एकमेकांवर येतात आणि बंद बांधला की झालं. बाळाचं झबलं आठवा, नाहीतर जुन्या फोटोंमधली बाराबंदी, कल्पना तीच. आमच्याकडे उजवी बाजू वर येते, डावी आत जाते, आतल्या बाजूचा बंद उजव्या कुशीच्या शिवणीत ठेवलेल्या फटीतून बाहेर काढायचा, पाठीमागून फिरवून डावीकडे आणायचा आणि वरच्या बंदाशी गाठ मारायची. त्यामुळे वजन तीनचार किलो इकडेतिकडे झालं तरी गाठ फक्त थोडी सरकते, कार्डिगन तेच चालतं.

दोन गोष्टी मात्र बांधून जमत नाहीत, खांदा आणि बंदाची उंची. बाकी सगळं सांभाळून घेता येतं, या दोन चुकल्या की छाती-कंबर कितीही बरोबर मोजा, अंगावर नीट बसणार नाही.

खांदा का, तर हाताने विणलेल्या पूर्ण बाह्यांच्या कार्डिगनला साधारण 450 ते 500 ग्रॅम लोकर लागते आणि ते सगळं वजन खांद्यावर लटकतं. खांदा इंचभर जरी मोठा झाला तरी शिवण दंडावर उतरते, बाही बोटांपर्यंत येते आणि पुढचा गळा उघडा पडायला लागतो. म्हणून छातीला आम्ही 2 इंच सैल ठेवतो पण खांद्याला शून्य, एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत पाठीवरून जेवढं भरेल तेवढंच. आमची वीण 8 नंबरच्या सुईवर 4 इंचात 22 टाके अशी येते, म्हणजे छाती 36 असेल तर सैलपणा धरून 38, त्याच्या निम्मी 19 इंच पाठ, तिला 104 टाके. नमुन्याचा तुकडा आधी धुऊन, वाळवून मगच मोजतो कारण लोकर पाण्यात पसरते आणि न धुतलेल्या तुकड्यावरचं माप फसवतं.

बंदाच्या उंचीचं आम्ही स्वतः एकदा चुकवलंय. सुरुवातीच्या दिवसांत एका ताईंचं कार्डिगन नेहमीच्या मापाने केलं, त्यांचं छाती ते कंबर अंतर कमी होतं ते लक्षातच आलं नाही, आणि गाठ बरोबर पोटाच्या उंचवट्यावर आली. आरशासमोर त्या दोन्ही हातांनी गाठ वर ओढून धरत होत्या आणि सोडली की ती परत खाली. फार वाईट वाटलं. कुशीची शिवण उसवून फट 2 इंच वर घेतली, दोन्ही बंद वर लावले, आणि तेच कार्डिगन त्यांना इतकं छान दिसायला लागलं की आम्हीच बघत राहिलो. तेव्हापासून बंदाची उंची प्रत्येकीची वेगळी विचारतो.

छाती भरलेली असेल तर पुढचा भाग छातीवरून जाताना वर उचलला जातो, मागे लांब आणि पुढे आखूड दिसतं, बऱ्याच जणींना वाटतं कार्डिगन घट्ट झालंय पण ते घट्ट नसतं, पुढे लांबी कमी पडलेली असते. अशा वेळी आम्ही छातीच्या जागी काही ओळी पूर्ण न विणता मधूनच वळतो, त्याने फक्त पुढे दीड-दोन इंच लांबी वाढते आणि कुशीला काहीच फरक पडत नाही. गळ्याच्या कडेलाही टाके थोडे कमी उचलतो, म्हणजे कड अंगाला धरून राहते, वाकलं तरी उघडत नाही. मोठी साइज घेणं हा यावरचा उपाय नाहीच, त्याने खांदा बिघडतो.

पोट सुटलेलं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर बंद कंबरेला नको, छातीच्या लगेच खाली घ्या, खालचा भाग मोकळा पडू दे. कंबरेखाली रुंद असाल तर कुशीला खालून 4 इंच उघडं ठेवतो, नाहीतर वीण मांड्यांवर ताणली जाऊन पुढचे भाग फाकतात. सरळ, बारीक अंगाला 2 सुलट 2 उलट अशी वीण कंबरेपाशी द्यावी, तिथे आपोआप आत येतं.

पाठीला बाक आलेल्या आई-आजींसाठी करत असाल तर जरूर सांगा. बाजारचं स्वेटर त्यांना मागे वर चढतं, कंबर उघडी पडते आणि थंडी नेमकी तिथेच लागते. आम्ही पाठ पुढच्यापेक्षा 2 इंच लांब करतो, आणि हात मागे न्यायला त्रास होत असेल तर बंद पाठीमागून फिरवत नाही, आतला आत आणि बाहेरचा बाहेर, दोन्ही कुशीतच बांधायचे.

साडीवर घालणार असाल तर डाव्या खांद्यावर पदराच्या प्लेट्स येतात, त्यामुळे माप पदर घेऊनच काढा, आणि बंद निऱ्यांच्या वर आला पाहिजे, निऱ्यांवर गाठ आली की पोट नसतानाही पोट दिसतं.

आता माप कसं घ्यायचं ते. एक साधा नाडा कंबरेभोवती हलका बांधा आणि दोनतीन वेळा डावीकडे-उजवीकडे वाका, नाडा सरकून जिथे थांबेल ती तुमची कंबर. परकराचा नाडा आपण याच्या बराच खाली बांधतो, ते माप देऊ नका. मान खाली घातल्यावर मागे जे हाड वर येतं तिथून या नाड्यापर्यंत मागून मोजा, मग खांद्याच्या मध्यापासून छातीवरून याच नाड्यापर्यंत पुढून मोजा. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून पाठवा, सोबत खांदा, छाती, दंडाचा घेर आणि बाहीची लांबी. घरातल्या कुणाकडून तरी मोजून घ्या, एकटीने पाठ मोजता येत नाही.

आणि कार्डिगन हातात आल्यावर हँगरला लावू नका, वजनाने खांदे लोंबतात. घडी घालून ठेवा, धुतल्यावर टॉवेलवर आडवं पसरून वाळवा. बंद वरखाली करून हवा असेल तर कधीही पाठवून द्या, शिवणच उसवायची असते, तेवढ्या कामाचे आम्ही पैसे घेत नाही.