युद्धनौकेवरच्या खलाशाचं आयुष्य (१९७१)

नाशिकमध्ये मिलिटरी म्हटलं की देवळालीचा तोफखाना, नेव्ही पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही कारण समुद्र म्हणजे कसारा घाट उतरून पार मुंबई. पण १९७१ च्या युद्धात विमानवाहू विक्रांत लढली ती बंगालच्या उपसागरात, त्र्यंबकला उगम पावलेली आपली गोदावरी जिथे मिळते त्याच समुद्रात.

जहाजावर सगळं वॉचवर चालतं. चार-चार तासांची पाळी, फक्त संध्याकाळी ४ ते ८ चे दोन तुकडे करतात (डॉग वॉच), म्हणजे रोज त्याच माणसाच्या वाट्याला तीच वेळ येत नाही. रात्री १२ ते ४ ची मिडल वॉच सगळ्यात जिवावर येते. युद्धात वर ब्लॅकआउट, डेकवर काडीसुद्धा ओढायची नाही, आणि ॲक्शन स्टेशनचा (म्हणजे लढाईसाठी आपापल्या जागी पळायचा) अलार्म झाला की तोंडावर अँटी-फ्लॅश हूड चढवायचा, म्हणजे पांढऱ्या कापडाची टोपडी, स्फोटाच्या झळेने कातडी भाजू नये म्हणून, त्या दमट हवेत ती घामाने चेहऱ्याला चिकटून बसते. गोडं पाणी समुद्राच्याच पाण्याची वाफ करून बनवायचं, त्यात पहिला हक्क बॉयलरचा, आंघोळ नंतर. विक्रांतच्या तर एका बॉयलरला तडे गेलेले, तरी तिने ४ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) कॉक्स बाजारवर विमानं पाठवली. खाली इंजिनात काम करणाऱ्यांना बाहेर काय चाललंय ते दिसतसुद्धा नाही. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली, त्यात १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लाही जहाजाबरोबरच गेले.

घरच्यांकडे पत्ता असतो तो फक्त जहाजाचं नाव आणि फ्लीट मेल ऑफिस (नौदलाचं टपाल कार्यालय), जहाज कुठल्या पाण्यात आहे ते पत्रात लिहायचं नाही. ह्याच नियमाचा नौदलाने डाव केला. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतला शोधत होती, म्हणून विक्रांत अंदमानात लपवली आणि विशाखापट्टणमजवळ राजपूत ही जुनी विनाशिका जणू आपणच विक्रांत आहोत असे भरमसाट वायरलेस संदेश सोडत राहिली. त्यात एक उघड तारही मुद्दाम घातली, विक्रांतवरचा कोणी खलाशी घरच्या आजारी आईची तब्येत विचारतोय अशी. गाझी तिकडे आली आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री बंदराजवळच बुडाली. खऱ्या विक्रांतवर मात्र तेव्हा रेडिओ सायलेन्स, कोणाची आई खरंच आजारी असती तरी तार करता आली नसती.