इमाम आशूर

इमाम आशूर (पूर्ण नाव इमाम आशूर मितवल्ली अब्देल घनी, जन्म २० फेब्रुवारी १९९८) हा इजिप्तचा मिडफिल्डर, क्लब कैरोचा अल अहली, जर्सी नंबर २२. सलाह आणि फार तर मारमूश सोडला तर इजिप्तचे खेळाडू आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसतात, पण कैरोत ह्याच्या नावावरून घराघरात वाद होतात, कारण हा आधी अहलीच्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबचा, म्हणजे झमालेकचा लाडका होता आणि आता अहलीचा आहे.

गाव सिंबिल्लावैन, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या दकहलिया प्रांतात. गायिका उम्म कुलसुम पण ह्याच भागातली, त्यामुळे गावाचं नाव तसं आधीपासूनच मोठं. सुरुवात गझल अल महल्लात झाली, हा महल्ला शहरातल्या कापडगिरणीचा क्लब. तिकडे कंपन्यांचे, लष्कराचे, पोलिसांचे असे बरेच क्लब आहेत, आपल्याकडे महिंद्रा, एअर इंडियाच्या टीम असायच्या तसंच. मग अलेक्झांड्रियाचा हरस अल हुदूद, म्हणजे सीमेवरच्या सैनिकांचा क्लब, आणि २०१९ मध्ये थेट झमालेक.

झमालेकमध्ये सुरुवातच जोरदार झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये टीमने दोह्यात ट्युनिशियाच्या एस्पेरान्सला ३-१ हरवून आफ्रिकन सुपर कप घेतला, आणि सहाच दिवसांनी अबू धाबीत अहलीला पेनल्टीवर हरवून इजिप्शियन सुपर कप पण नेला. ही दुसरी मॅच २० फेब्रुवारीला, म्हणजे बरोबर ह्याच्या बाविसाव्या वाढदिवसाला. पण मॅच संपल्यावर मैदानातच दोन्ही टीमचा राडा झाला आणि बंदी आलेल्यांत आशूरचंही नाव होतं. डोकं गरम असल्याचा शिक्का तेव्हापासूनचा, तो अजून पूर्ण पुसलेला नाही. पुढे झमालेकने २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी लागोपाठ दोनदा लीग जिंकली, त्यात हा मिडफिल्डचा मुख्य माणूस होता. बॉल घेऊन स्वतः पुढे पळणं, बॉक्सबाहेरून जोरात शॉट मारणं आणि स्ट्रायकरच्या मागून उशिरा बॉक्समध्ये घुसणं, ह्या तीन गोष्टींसाठी लोक त्याला ओळखतात.

पण त्याची सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती मिडफिल्डमध्ये नाही, राइट बॅकला, म्हणजे बचावात उजव्या बाजूला. कॅमेरूनमधल्या आफ्रिकन नेशन्स कपमध्ये इजिप्तचा राइट बॅक अक्रम तौफिक पहिल्याच मॅचमध्ये जायबंदी झाला, मग ती जागा सांभाळणाऱ्या ओमर कमालवर फायनलच्या वेळी कार्डांमुळे बंदी आली, आणि ६ फेब्रुवारी २०२२ ला याउंदेत सेनेगलविरुद्ध कोच कार्लोस केरोशनी आशूरला तिथे उभं केलं. समोर कोण तर सेनेगलचा स्टार सादिओ माने! सुरुवातीलाच सेनेगलला पेनल्टी मिळाली, ती इजिप्तच्या गोलकीपर गबास्कीने अडवली, आणि एक्स्ट्रा टाइम धरून मॅच ०-० राहिली. शेवटी पेनल्टीवर ४-२ ने इजिप्त हरला, तरी राइट बॅकच नसलेल्या टीमने मानेसारख्या माणसासमोर दोन तास गोल खाल्ला नाही हे काही कमी नाही.

जानेवारी २०२३ मध्ये डेन्मार्कच्या मिट्युलँडने त्याला घेतलं. हा क्लब आकडेवारी बघून खेळाडू निवडण्यासाठी आणि थ्रो-इनसाठी वेगळा कोच ठेवण्यासाठी प्रसिद्ध. १६ फेब्रुवारीला युरोपा लीगच्या प्लेऑफमध्ये लिस्बनला जाऊन त्याने स्पोर्टिंगविरुद्ध ७७ व्या मिनिटाला गोल मारला, टीम जिंकणारच होती पण इंज्युरी टाइममध्ये स्पोर्टिंगच्या कोआतेसने बरोबरी केली, आणि आठवड्याने घरच्या मैदानावर ०-४ असा धुव्वा उडाला. सहा महिन्यांत डेन्मार्क संपलं आणि त्याच उन्हाळ्यात तो कैरोत परत आला, पण अहलीत.

झमालेकने स्टार खेळाडू सरळ अहलीला विकायचा म्हटलं तर फॅन्स मॅनेजमेंटला जगू देणार नाहीत, त्यामुळे मध्ये परदेशातला एखादा क्लब आला की सगळ्यांचीच सोय होते. काहराबा पण झमालेक सोडून पोर्तुगालमार्गे अहलीत गेला होता, त्याचं प्रकरण मात्र करार मोडल्यामुळे फिफापर्यंत पोचलं. आशूरला रीतसर विकलेलं असल्यामुळे कायद्याची भानगड नव्हती, शिव्या मात्र भरपूर बसल्या. २०२५ मध्ये झिझो पण झमालेक सोडून अहलीत आला. गंमत म्हणजे फेब्रुवारी २०२४ पासून नॅशनल टीमचा कोच असलेला होसाम हसन स्वतः २००० मध्ये उलट दिशेने, अहलीतून झमालेकला गेलेला माणूस!

अहलीत आशूरचं सोनं झालं. डिसेंबर २०२३ मध्ये जेद्दाहच्या क्लब वर्ल्ड कपमध्ये फ्रेंच स्टार बेन्झेमाच्या सौदी क्लब अल इत्तिहादला ३-१ हरवलं त्यातला तिसरा गोल ह्याचा. २०२४ ची आफ्रिकन चॅम्पियन्स लीग आली, आणि २०२४-२५ मध्ये तर मिडफिल्डर असून लीगचा टॉप स्कोअरर झाला, १३ गोल, टीमही चॅम्पियन. त्यानंतर मात्र दुखणी मागे लागली. जून २०२५ मध्ये इंटर मायामीविरुद्ध क्लब वर्ल्ड कपच्या पहिल्याच मॅचमध्ये सुरुवातीलाच कॉलरबोन मोडलं, सप्टेंबरमध्ये हेपेटायटिस ए झाला, ऑक्टोबरमध्ये इजिप्तने वर्ल्ड कपचं तिकीट पक्कं केलं तेव्हा हा मैदानाबाहेरच होता.

परतला तो मोरोक्कोतल्या नेशन्स कपपर्यंत. १० जानेवारी २०२६ ला अगादिरमध्ये क्वार्टर फायनलला गतविजेत्या आयव्हरी कोस्टला इजिप्तने ३-२ हरवलं, त्यात चौथ्या मिनिटाला मारमूशच्या गोलचा आणि नंतर सलाहच्या गोलचा पास आशूरचाच. सेमीफायनलला मात्र पुन्हा सेनेगलच समोर आलं आणि ह्या वेळी माने गोल मारूनच गेला, ०-१.