एलएलबीला प्रवेश घ्यायचाय? कागदपत्रं आधी काढा

महाराष्ट्रात एलएलबी दोन प्रकारे करता येतं. बारावीनंतर पाच वर्षांचं, नाहीतर कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचं. दोन्हींसाठी राज्य सीईटी कक्षाची वेगवेगळी सीईटी असते. बारावीला किंवा पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, ओबीसींसाठी ४२ आणि एससी-एसटींसाठी ४० टक्के लागतात. वयाची अट नाही. मात्र दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमाप्रमाणे ती चालत नाही.

सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. खरी चूक होते ती पुढे. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं अनेकांना वाटतं. तसं नाही! निकालानंतर कॅपसाठी, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, पुन्हा नोंदणी करायची, कागदपत्रं अपलोड करायची, ती तपासून झाली की कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे. ही नोंदणी राहिली तर चांगले गुण असूनही कॅपमधून जागा मिळत नाही.

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल ही कागदं सहसा हाताशी असतात. अडतं ते जात वैधता प्रमाणपत्रावर. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. तो बहुतेकदा आजोबा-पणजोबांच्या गावच्या शाळेत, प्रवेश-निर्गम उताऱ्यात सापडतो. आडनाव तिथे वेगळं लिहिलेलं निघालं की जात पडताळणी समितीपुढे खुलासा करावा लागतो आणि त्यात महिने जातात. म्हणून सीईटीचा फॉर्म भरायच्या आधीच हे काम हाती घ्या. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदतही तपासून ठेवा.

पदवी मिळाल्यावर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनदेसाठी (वकिलीच्या परवान्यासाठी) अर्ज करायचा. वय २१ पूर्ण हवं. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नोंदणी शुल्क ७५० रुपयांपेक्षा, एससी-एसटींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. गरीब घरातल्या मुलामुलींसाठी हा फार मोठा दिलासा आहे, तो त्यांच्यापर्यंत पोचायलाच हवा. वकिली चालू ठेवायची तर अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. तिथे कायद्यांच्या मूळ प्रती सोबत नेता येतात, फक्त त्यांत टिपणं नकोत.