नर्सिंगला जायचंय? आधी बारावीचे विषय बघा, मग दाखले

कागदपत्र तपासणीच्या टेबलावर बसलं की दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो. मुलगी गप्प उभी असते, आई विचारते, "मॅडम, हिला बायो नव्हतं. चालेल ना?" अकरावीत गणित सोपं जाईल म्हणून, किंवा बायफोकलचा (व्यावसायिक) विषय मिळत होता म्हणून जीवशास्त्र सोडलेलं असतं. तेव्हा कुणी सांगितलेलं नसतं की नर्सिंगचा एक दरवाजा तिथेच बंद झाला. सगळे मात्र बंद होत नाहीत.

नर्सिंगचे मुख्य कोर्स तीन. एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. उपकेंद्रात लसीकरण आणि गरोदर बायकांची तपासणी करणारी, गावात जिला नुसतं 'सिस्टर' म्हणतात, ती बहुतेक वेळा एएनएम झालेली असते. याला बारावी कोणत्याही शाखेची चालते. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा, मुलामुलींसाठी खुला. शाखा इथेही कोणतीही चालते, पण बारावीला इंग्रजी विषय आणि किमान 40 टक्के हवेत. तिसरा बीएस्सी नर्सिंग: चार वर्षं, आठ सत्रं. जीवशास्त्राशिवाय इथे प्रवेश नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून 45 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 40) आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे पास, ही भारतीय परिचर्या परिषदेची (इंडियन नर्सिंग कौन्सिलची) अट आहे. बारावीची एकूण टक्केवारी 70 असली तरी या तीन विषयांत मिळून 44 भरले, तर खुल्या वर्गातला अर्ज बाद होतो. गुणपत्रिका समोर ठेवून ही बेरीज घरीच करा.

वयाची अट तिन्हींना सारखी आहे. प्रवेशाच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे 2026 च्या प्रवेशासाठी जन्म 31 डिसेंबर 2009 किंवा त्याआधीचा. 2 जानेवारीचा वाढदिवस असलेल्या मुलीला दोन दिवसांसाठी वर्षभर थांबावं लागतं, आणि त्यावर विनंती-अर्जाचा उपयोग होत नाही. एएनएम आणि जीएनएमला वरची मर्यादा 35 वर्षांची आहे. त्यामुळे लग्नानंतर, मूल थोडं मोठं झाल्यावर परत शिकायला येणाऱ्या बायका या वर्गांमध्ये दिसतात. माझ्या अनुभवात वॉर्डात सगळ्यात आधी रुळतात त्या याच.

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगसाठी राज्य सीईटी सेल वेगळी प्रवेश परीक्षा घेते. नीट देणं त्यासाठी गरजेचं नाही. अपवाद लष्करी परिचर्या सेवेचा: पुण्याच्या एएफएमसीसारख्या (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) ठिकाणचं बीएस्सी नर्सिंग नीटवरून होतं. सीईटीचा पेपर 100 गुणांचा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभिरुची, प्रत्येकी 20. मुलं इंग्रजीला हलक्यात घेतात आणि तिथेच गुण सांडतात. परीक्षेचा अर्ज आणि नंतरचा प्रवेशाचा अर्ज हे दोन वेगळे अर्ज आहेत, हेही पुष्कळांच्या उशिरा लक्षात येतं. सीईटी दिली म्हणून यादीत नाव आपोआप येत नाही. निकालानंतर पुन्हा नोंदणी, कागदपत्रं अपलोड, गुणवत्ता यादी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम, आणि जागा मिळाली की ठरलेल्या दिवसांत हजर होणं. एएनएम-जीएनएमसाठी त्या वर्षीची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि तारखांचं पान भिंतीला चिकटवा.

कोणता कागद आधी काढायचा

दाखल्यांच्या याद्या सगळीकडे मिळतात. पण कोणत्या कागदाला किती वेळ लागतो ते यादीत नसतं, आणि अर्ज अडकतात ते तिथेच.

सगळ्यात आधी जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेत 'व्हॅलिडिटी'. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो, वैधता मात्र जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने शालेय पुरावे मागतात. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा शोधायला गावी दोन-तीन चकरा होतात. कुटुंबात वडील, काका किंवा सख्ख्या भावंडापैकी कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती आधी जोडा, काम खूप सोपं होतं. बारावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाकून ठेवावा. निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांच्या हातात बहुधा फक्त टोकन, म्हणजे अर्जाची पोच असते.

दुसरा नॉन-क्रीमिलेयर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) यांना तो लागतो, अनुसूचित जाती-जमातींना नाही. त्याची मुदत बघायची ती प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत. गेल्या वर्षी भावासाठी काढलेला कागद हिला चालत नाही, आणि केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला राज्याच्या प्रवेशाला चालत नाही. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिक दुर्बल घटक) तसंच: नमुना राज्याचा, आणि दर आर्थिक वर्षाला नवा.

तिसरा वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा, एकाच कागदावर मिळणारा दाखला. तो आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून निघतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला त्याच फेरीत काढून घ्या, शुल्क सवलतीला लागेल. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा, संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला नाही.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो हे सगळ्यांकडे असतं. बोर्ड बदललं असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडावं. खरी गंमत नावाची. दहावीवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, एवढ्याने बिघडत नाही. पण 'सुरेखा'ची 'रेखा' झाली असेल, किंवा वडिलांच्या नावात एका कागदावर 'राव' लागून दुसऱ्यावर गळला असेल, तर पडताळणीत बोट तिथेच ठेवलं जातं. प्रमाण दहावीचा कागद मानायचा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्यायचे.

वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्रही लागतं. ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता सही आणू नका. हिमोग्लोबिन जेमतेम सात असताना रात्रपाळीला आलेली मुलगी वॉर्डात चक्कर येऊन पडते, पेशंट बाजूला राहतो. हिपॅटायटिस बीची लस आतापासूनच सुरू करा. तीन डोस, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा. सुई टोचण्याचा अपघात शिकाऊ हातांना होतोच, आणि तेव्हा अंगात प्रतिपिंडं तयार असलेली बरी.

कॉलेज निवडताना

भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद, दोन्हींच्या मान्यता यादीत कॉलेजचं नाव त्या वर्षासाठी आहे का, ते स्वतः बघा. बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता. "परराज्यात ॲडमिशन, परीक्षेपुरतं जायचं, हजेरी आम्ही बघतो" म्हणणारा एजंट भेटला तर चहा पिऊन परत या. नियमाने तासांना 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची 100 टक्के भरावी लागते. हजेरीशिवाय मिळालेल्या कागदावर परिषदेची नोंदणी होण्यात अडचण येते, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

मूळ कागद कुठेही जमा केले तर पोच घ्या.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. जीवशास्त्र नव्हतं तरी जीएनएमच्या पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया शिकायचीच आहे, आणि ती पुस्तकातून थेट खाटेपाशी येते. सतत पाठीवर झोपलेल्या पेशंटच्या माकडहाडापाशी कातडीतल्या केशवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोचत नाही, पेशी मरतात. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, कारण कळलं की तो श्वास बदलतो. मनगटावर नाडी धरल्यासारखं करून नजर छातीवर ठेवायची. थोडं गणितही येतं. 500 मिलीची सलाइनची बाटली 8 तासांत द्यायची आणि सेटमधून 20 थेंबांत 1 मिली पडत असेल, तर मिनिटाला साधारण 21 थेंब.

त्या मुलीला मी अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांतली पचन, श्वसन, रक्ताभिसरण आणि उत्सर्जन ही चार प्रकरणं सुट्टीत वाचायला सांगते. जीएनएम झाल्यावर परिषदेत नोंदणी करून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, म्हणजे पदवीचा दरवाजा तिकडून उघडतो. एकूण वर्षं चारऐवजी पाच होतात, एवढाच फरक.