बँकेतील काउंटरमागच्या नोकऱ्या : संगणकीकरणाच्या पन्नास वर्षांची पार्श्वभूमी

चॅटबॉट, स्वयंचलित कॉल सेंटर आणि कर्मचाऱ्यांविना चालणारी सेवाकेंद्रे यांच्यामुळे किती नोकऱ्या जातील, ही चर्चा आज जोरात आहे. आपल्याकडे ती नवीन नाही. सेवाक्षेत्रातील माणसाचे काम यंत्राकडे गेल्यावर काय होते, याचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत नीट नोंदलेला भारतीय अनुभव बँकांचा आणि विम्याचा आहे, आणि त्याचा मोठा भाग मुंबईत घडलेला आहे.

सुरुवात विम्यापासून झाली. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने साठच्या दशकात हप्त्यांच्या सूचना, एजंटांचे कमिशन आणि पॉलिसींचे मूल्यांकन अशा कामांसाठी संगणक आणायचे ठरवले. मुंबईत तो बसला. कोलकात्यात मात्र कर्मचाऱ्यांनी इलाको हाउस या इमारतीवर पहारा ठेवला आणि यंत्र आत येऊ दिले नाही. या विरोधाला आज कुणी सरसकट मागासलेपणा म्हणत असेल, तर ते अन्यायाचे होईल. सुशिक्षित बेकारांची संख्या त्या काळी वाढत होती, खासगी क्षेत्रात कारकुनी नोकऱ्या मोजक्याच होत्या आणि यंत्र आल्यावर आपले काय होणार, याची लेखी हमी कुणी दिलेली नव्हती. हा वाद पेटल्यामुळेच केंद्र सरकारने १९६९ मध्ये पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. रोजगाराची टंचाई असलेल्या देशात यंत्राला कुठे आणि कोणत्या अटींवर जागा द्यायची, हा प्रश्न सरकारने अधिकृतपणे तेव्हाच हाती घेतला होता, ही बाब आजच्या चर्चेत कुणाच्या लक्षात राहिलेली दिसत नाही.

बँकांकडे वळण्यापूर्वी तिथले काम कसे चाले हे पाहायला हवे, कारण नेमके काय गेले ते त्याशिवाय कळत नाही. बचत खात्यातून पैसे काढायचे तर खातेदार काउंटरवर स्लिप देई आणि कारकून त्याला क्रमांक कोरलेले पितळी टोकन देई. मग कारकून लेजरमधले, म्हणजे खातेवहीतले, त्याचे पान काढून शिल्लक पाही, नोंद करी आणि स्लिप व लेजर अधिकाऱ्याकडे जाई. अधिकारी सही ताडून पाहून स्लिप पास करी, शिपाई ती कॅशियरपर्यंत पोहोचवी आणि कॅशियर टोकनचा क्रमांक पुकारी. एवढ्या एका व्यवहाराला चार माणसांचे हात लागत. संध्याकाळी डे-बुकाची, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांच्या वहीची, बेरीज जुळवायची, ठरावीक मुदतीने प्रत्येक लेजरचे बॅलन्सिंग करायचे आणि सहामाहीला हजारो खात्यांवर हाताने व्याज लावायचे. रुपयाचाही फरक राहिला तर तो सापडेपर्यंत कर्मचारी रात्री उशिरापर्यंत थांबत. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असेल तिच्यावरच व्याज देण्याचा नियम याच हातमोजणीच्या काळातला. तो १ एप्रिल २०१० रोजी गेला आणि रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झाले, कारण तेवढी आकडेमोड करणारी यंत्रणा तोपर्यंत सर्वत्र पोहोचली होती. यंत्रामुळे खातेदाराचा खराखुरा फायदा झाल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही, आणि संगणकीकरणाच्या परिणामांविषयी लिहिताना ते वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८० मध्ये आणखी ६ बँका सरकारकडे आल्या. गावोगावी शाखा निघाल्या, खाती वाढली आणि वर सांगितलेले हाताचे काम कित्येक पटींनी वाढले. त्यासाठी भरती झाली ती मुख्यतः कारकुनांची. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर इथल्या मध्यमवर्गीय घरांतून पदवीधर मुलेमुली बँकेच्या परीक्षेची तयारी करू लागली. बँकेची नोकरी म्हणजे पक्के वेतन, निवृत्तिवेतन किंवा भविष्यनिर्वाह निधी आणि घरासाठी कमी व्याजाचे कर्ज. स्त्रियांना तर या नोकरीने सन्मानाचा आणि सुरक्षित असा स्वतंत्र पगार दिला. नोकरीसाठी ओळख लागत नसे, परीक्षा लागे. पुढे जे बंद झाले ते हे दार होते.

यंत्रांचा प्रवेश करारातून झाला, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या १९६६ च्या पहिल्या द्विपक्षीय करारातच हिशेबयंत्रांच्या मर्यादित वापराला जागा होती. त्यानंतर इंडियन बँक्स असोसिएशन ही बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात ८ सप्टेंबर १९८३ रोजी यांत्रिकीकरणाचा करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला आणि त्यांच्याच दुसऱ्या समितीचा अहवाल १९८९ मध्ये आला. शाखांत आधी अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे लेजरमधल्या नोंदी करणारे यंत्र, आले. चेकवर चुंबकीय शाईने क्रमांक छापून त्यांची यंत्राने वर्गवारी करण्याची पद्धत ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात महानगरांतील समाशोधनात, म्हणजे बँकांच्या आपसातील चेकच्या देवघेवीत, सुरू झाली. २९ ऑक्टोबर १९९३ च्या कराराने संगणकाची वाट आणखी रुंद केली. या करारांत संघटनांनी दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या : कुणाचीही नोकरी जाणार नाही ही हमी, आणि यंत्र चालवणाऱ्याला विशेष भत्ता.

हमी पाळली गेली. पण ती कामावर असलेल्या माणसाला होती, जागेला नव्हती. निवृत्त झालेल्याची जागा भरलीच पाहिजे, असे करारात कुठेही नव्हते.

मधल्या काळात संगणकीकरणाच्या बाजूचे कारणही बळकट झाले होते. १९९२ चा रोखे घोटाळा उघड झाला तेव्हा सरकारी रोख्यांच्या व्यवहारांच्या नोंदी रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयात हातानेच ठेवल्या जात होत्या. नोंदींची जुळवणी रेंगाळते तिथे गैरव्यवहाराला वाव मिळतो, हे त्या प्रकरणाने दाखवले. १९९४-९५ पासून नव्या खासगी बँका पहिल्या दिवसापासून संगणकावर उभ्या राहिल्या आणि थोड्या माणसांत मोठा व्यवसाय करू लागल्या. अखेर केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सरकारी बँकांना आपला ७० टक्के व्यवसाय १ जानेवारी २००१ पूर्वी संगणकावर आणण्याचे निर्देश दिले.

त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. १५ वर्षांची सेवा किंवा ४० वर्षे वय ही पात्रता होती आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचे वेतन मिळणार होते. मात्र उरलेल्या सेवाकाळात जेवढे वेतन मिळाले असते त्याहून ही रक्कम जास्त होणार नव्हती. लाखाच्या आसपास कर्मचारी बाहेर पडले. त्यांच्यापैकी अनेकांना ही रक्कम आकर्षक वाटली आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण भरतीसाठी नेमलेली बँकिंग सेवा भरती मंडळेही २००१ मध्येच बंद झाली, हे या योजनेइतकेच महत्त्वाचे आहे. त्यानंतरची काही वर्षे कारकुनी भरती जवळजवळ थांबली आणि परीक्षेची तयारी करणारी पदवीधरांची एक पिढी वयोमर्यादा ओलांडून गेली. या मुलांना कुणी नोकरीवरून काढले नव्हते, म्हणून त्यांची कुठे गणती झाली नाही. त्यांची संघटना नव्हती, त्यांच्यासाठी वाटाघाटी झाल्या नाहीत आणि नुकसानभरपाईचा प्रश्नच आला नाही. सेवाक्षेत्रातील स्वयंचलनाचा मुख्य फटका कामावर असलेल्यांपेक्षा कामावर येऊ पाहणाऱ्यांना बसतो, हे मला या सगळ्या इतिहासातले मध्यवर्ती सत्य वाटते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी बँक कर्मचाऱ्यांत निम्म्याच्या आसपास कारकून होते. २०२० पर्यंत त्यांचा वाटा एक चतुर्थांशाच्याही खाली आला. अधिकाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि शिपाई-दफ्तरी वर्गाचे बरेच काम कंत्राटदारांकडे गेले.

कोअर बँकिंग (सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती यंत्रणेवर), एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या २००४ मधील आरटीजीएस व २००५ मधील एनईएफटी या पद्धती आणि चेकची प्रतिमा पाठवून होणारे समाशोधन (मुंबईत २०१३ पासून) यांनी शाखाशाखांतील जुळवणीचे आणि चेक वाहून नेण्याचे काम संपवले. एटीएमची गोष्ट थोडी निराळी आहे. मुंबईत १९८७ मध्ये देशातील पहिले एटीएम आले, तेव्हा ते कॅशियरची जागा घेणार अशी भीती होती. पण त्याच्याभोवती रोकड भरणारे, दुरुस्ती करणारे आणि रात्रपाळीचे रखवालदार असा कंत्राटी कामगारांचा नवा वर्ग तयार झाला. पुढे बँकांनी कॅमेऱ्यांनी दुरून देखरेख सुरू केली आणि अनेक ठिकाणच्या काचेच्या दारापाशी स्टुलावर बसणारा रखवालदार दिसेनासा झाला. २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर खुद्द एटीएमचा विस्तारही मंदावला. एका यंत्राने निर्माण केलेली कामे दुसऱ्या यंत्राने काढून घेतली आणि या वेळी हमी मागायला करार नव्हता.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये व्यवसाय प्रतिनिधी नेमण्यास परवानगी दिली. खेड्यापाड्यांत हातातल्या छोट्या यंत्रावर अंगठा घेऊन पैसे देणारी-घेणारी ही माणसे ‘बँक मित्र’ म्हणून ओळखली जातात. ती जे काम करतात ते मुळात काउंटरवरच्या कारकुनाचेच आहे. मिळकत मात्र प्रामुख्याने व्यवहारामागच्या कमिशनवर चालते आणि त्यातही बँक व त्यांच्यामध्ये बहुतेकदा एखादी मध्यस्थ कंपनी असते. ८ मार्च २०२४ रोजी झालेल्या बाराव्या द्विपक्षीय कराराने बँक कर्मचाऱ्यांना १७ टक्के वेतनवाढ मिळाली. बँक मित्र, एटीएममध्ये रोकड भरणारे आणि कंत्राटी सफाई कामगार या कराराच्या कक्षेत येत नाहीत.